मुलास कोणत्या शाळेत घालावे?

मुलास कोणत्या शाळेत घालावे, हा प्रश्न प्रत्येक घरात एकदा तरी उभा राहतो. घरातील वडीलधारी माणसे, शेजारीपाजारी, आप्तेष्ट असे सर्वच जण या बाबतीत सल्ला देण्यास तत्पर असतात. कोणी शाळेच्या निकालाकडे बोट दाखवितो, कोणी शिक्षणाच्या माध्यमाकडे, कोणी अंतराकडे, तर कोणी फीच्या आकड्याकडे. अलीकडे या प्रश्नास एक नवे रूप आले आहे. पालकाने शाळांची नावे पसंतीच्या क्रमाने अर्जात भरावयाची, तो अर्ज संगणकावरून सरकारी खात्याकडे पाठवावयाचा, आणि मग आपल्या मुलाचे नाव कोणत्या शाळेच्या यादीत लागते याची वाट पाहत बसावयाचे. क्रम लावू लागले म्हणजे मन द्विधा होते. मनात असलेली शाळा पहिली लिहावी, की मिळण्याजोगी असेल ती?

प्रश्नाचे रूप नवे असले तरी त्याचे मूळ जुने आहे. ते समजून घेण्यास कोल्हापूरचा इतिहास विशेष उपयोगी पडतो. या एकाच नगराने गेल्या पावणेदोनशे वर्षांत पालकाच्या निवडीच्या निरनिराळ्या अवस्था पाहिल्या आहेत. एक काळ असा होता की निवडावयास शाळाच नव्हती. दुसऱ्या काळी शाळा होती, पण तेथे राहण्याची सोय नव्हती. तिसऱ्या काळी राज्यानेच पालकास दंड करून मुलास शाळेत बसविले. हल्लीच्या काळी शाळा पुष्कळ आहेत, परंतु पालकांस हव्या असलेल्या शाळा थोड्या आणि त्यांतील जागा त्याहून थोड्या.

कोल्हापुरात इंग्रजी शिक्षणाची शाळा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, १८५१ साली सुरू झाली. हीच पुढे राजाराम हायस्कूल या नावाने प्रसिद्धीस आली आणि १८८० साली तिच्यातून राजाराम कॉलेज निघाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे आरंभीचे शिक्षण याच नगरात झाले. त्या वेळी पालकापुढे कोणती शाळा, हा प्रश्न नसे. मुलास शिकवावयाचे की नाही, आणि शिकवावयाचे तर गावात त्याच्या पोटाची व्यवस्था कशी लावावयाची, एवढाच प्रश्न असे.

ही व्यवस्था लावण्यास घराला काय सोसावे लागे, याचे एक उदाहरण सर्वश्रुत आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांचे वडील कागलास नोकरीस होते. १८७९ साली ते वारले. वडील बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडले आणि कागलास दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली. त्यांपैकी ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावास पाठवीत आणि उरलेल्या ७ रुपयांत सगळे घर चालवीत. गोपाळराव १८८१ साली मॅट्रिक झाले, काही काळ राजाराम कॉलेजात शिकले आणि १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले. एका भावाच्या शिक्षणासाठी दुसऱ्याचे शिक्षण थांबवावे लागले. त्या घराची पसंतीची यादी म्हणावयाची तर ती हीच होती. तिच्यात शाळांची नावे नव्हती. दोघा मुलांतून एकाची निवड तेवढी होती.

गोखल्यांच्या घरी निदान शिक्षणाची परंपरा होती. शिवाय ब्राह्मण विद्यार्थ्यास गावात वार लावून जेवण्याची किंवा माधुकरी मागण्याची वाट असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात दिवस सात घरे धरून कित्येक गरीब मुले शिकून गेली. परंतु भुदरगड, राधानगरी किंवा शिरोळकडच्या कुणब्याच्या मुलास, जैन वा लिंगायत शेतकऱ्याच्या मुलास, मुसलमान कारागिराच्या मुलास हा मार्ग मोकळा नव्हता. अस्पृश्य मानलेल्या मुलास तर शहरात भाड्याने खोली मिळणेही दुरापास्त. राजाराम हायस्कुलाचे दार कायद्याने बंद नसले तरी अशा मुलास त्या दारापर्यंत पोहोचताच येत नव्हते.

शाहू छत्रपतींनी १८९४ साली राज्यकारभार हाती घेतला तेव्हा त्यांच्या ध्यानात हीच गोष्ट आली. १८९६ च्या सुमारास सर्व जातींच्या विद्यार्थ्यांस खुले असे एक वसतिगृह निघाले. परंतु काही वर्षांतच त्यात ब्राह्मण विद्यार्थीच तेवढे उरले. नियमाने सर्वांस खुली असलेली जागा व्यवहारात ज्यांस आधीपासून वाट ठाऊक आहे त्यांच्याच वाट्यास जाते, हा अनुभव तेथे आला. आजच्या प्रवेशपद्धतीचा विचार करतानाही तो विसरण्यासारखा नाही.

यावर महाराजांनी योजिलेला उपाय म्हणजे निरनिराळ्या समाजांची स्वतंत्र वसतिगृहे. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग निघाले. १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांचे व १९०७ साली वीरशैव लिंगायत विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू झाले. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचे नाव त्यास दिले होते. पुढे दैवज्ञ, नामदेव शिंपी, पांचाळ, सारस्वत, कायस्थ प्रभू, ख्रिस्ती अशा अनेक समाजांची वसतिगृहे उभी राहिली. कोणास जागा दिली, कोणास इमारत, कोणास सालिना रक्कम, आणि बाकीचा भार त्या त्या समाजाने उचलावयाचा, असा हा क्रम होता. वसतिगृहांचे माहेरघर हे नाव कोल्हापुरास पडले ते यामुळे.

जातवार वसतिगृहे काढल्याने जातिभेद दृढ होईल, असा आक्षेप त्या काळीही घेतला गेला, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. मुलाने कोठे राहावयाचे हे त्याच्या जातीवरून ठरे. तथापि, दुसऱ्या बाजूने पाहिले तर खेड्यातल्या बापास आयुष्यात प्रथमच असे सांगता येऊ लागले की, माझ्या मुलास मी कोल्हापुरास शिकावयास ठेवतो. वसतिगृहांतून येणारी सर्व मुले शाळेत एकाच बाकावर बसत. येथून शिकून गेलेल्यांपैकी कित्येकांनी पुढे ही जातीची भिंतही ओलांडली. कुंभोजचे भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहून राजाराम हायस्कुलात शिकले. त्यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यास काढलेल्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंक्तीस जेवीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले.

मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न याहूनही बिकट होता. मुलीस शाळेत घालावे की नाही, याचा निर्णय घरातील पुरुषांच्या व सासूबाईंच्या मर्जीवर अवलंबून असे. संस्थानात स्त्रीशिक्षणाची देखरेख रखमाबाई केळवकर यांच्याकडे होती. त्यांची कन्या कृष्णाबाई डॉक्टर होऊन कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात रुजू झाल्या. हल्ली छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणतात ते हेच. अशी दोन-चार उदाहरणे डोळ्यांपुढे आली म्हणजे इतर घरांतील विरोध थोडा थोडा ओसरू लागे. पालकाची पसंती उपदेशाने जेवढी बदलत नाही तेवढी शेजारच्या घरातील उदाहरणाने बदलते.

वसतिगृहांमुळे ज्या बापास मुलगा शिकावा असे वाटत होते त्याची सोय झाली. परंतु ज्यास तसे वाटतच नव्हते, किंवा वाटूनही परवडत नव्हते, त्याचे काय? हाच प्रश्न गोखले यांनी अखिल हिंदुस्थानापुरता १९११ साली विचारला. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्यास वाट मोकळी करून देणारे विधेयक त्यांनी वरिष्ठ कायदे कौन्सिलात मांडले. १९१२ च्या मार्चमध्ये ते बहुमताने फेटाळले गेले. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी अमरेली तालुक्यात १८९३ पासून प्रयोग करून १९०६ साली संपूर्ण राज्यात शिक्षण सक्तीचे केले होते. म्हणजे जे ब्रिटिश सरकारास साधले नाही ते एका देशी राज्याने करून दाखविले होते. गोखल्यांचे विद्यार्थिदशेतील दिवस ज्या कोल्हापुरात गेले त्या कोल्हापूरने १९१७ साली हाच मार्ग धरला. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात आज्ञा निघाली आणि २१ सप्टेंबर १९१७ रोजी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा जाहीर झाला. या योजनेतील पहिली शाळा ४ मार्च १९१८ रोजी करवीर पेट्यातील चिखली येथे उघडण्यात आली.

या कायद्यात एक कलम पालकांच्या दृष्टीने फार महत्त्वाचे होते. शाळेत जाण्याच्या वयाचे मूल जो पालक शाळेत पाठविणार नाही त्यास दरमहा १ रुपया दंड करण्याची त्यात तरतूद होती. गोविंदराव गोखले महिन्यास १५ रुपयांत संसार चालवीत होते, हे आठवले म्हणजे १ रुपया ही रक्कम लहान नव्हती हे उमगेल. त्यात शेतकऱ्याचे दुसरेही नुकसान होते. मुलगा शाळेत गेला म्हणजे गुरांमागे जावयास कोणी उरत नसे, आणि सुगीच्या दिवसांत एक हात कमी पडे. मोफत शिक्षणास फी पडत नसली तरी घरास त्याची किंमत द्यावीच लागते. राज्याने ती किंमत गरिबाकडून सक्तीने घेतली, हे कबूल केले पाहिजे.

मग ही सक्ती अन्यायाची होती काय? त्याचे उत्तर कायद्याच्या दुसऱ्या अंगात आहे. नुसता दंड लावून दरबार थांबला नाही. शाळा काढण्याचा, मास्तर नेमण्याचा व खर्चाचा बोजा त्याने आपल्या शिरावर घेतला. १९१७-१८ साली या योजनेतील शाळा २७ होत्या व विद्यार्थी १,२९६. १९२१-२२ साली शाळांची संख्या ४२० वर आणि विद्यार्थ्यांची २२,००७ वर गेली. चार वर्षांत ही वाढ झाली. आधी शाळा गावात आली आणि मग पालकास जाब विचारला गेला. हा क्रम उलटा असता तर तो निव्वळ जुलूम ठरला असता.

यानंतर १९१९ साली आणखी एक पाऊल पडले. अस्पृश्यांसाठी असलेल्या स्वतंत्र शाळा बंद करून त्या मुलांस सर्वसाधारण शाळांत घ्यावे, असा हुकूम दरबारने काढला. गावोगावच्या पालकांस त्या वेळी पसंती विचारली असती तर कौल कोणत्या बाजूस पडला असता, हे सांगण्यास ज्योतिषी नको. आपल्या मुलाशेजारी कोण बसावे, याविषयीची इच्छा पालक सहसा मोठ्याने बोलत नाहीत. परंतु शाळा निवडताना ती मनाच्या तळाशी असतेच. पूर्वी ती जातीच्या नावाने व्यक्त होई. हल्ली ती ‘वातावरण’, ‘संस्कार’, ‘चांगल्या घरची मुले’ अशा सभ्य शब्दांनी व्यक्त होते. पालकाची प्रत्येक पसंती मानलीच पाहिजे असे नाही, आणि काही पसंती मोडून काढणे हेच राज्याचे कर्तव्य असते, हा १९१९ च्या हुकुमाचा अर्थ होय.

शाहू छत्रपतींचे ६ मे १९२२ रोजी मुंबईस निधन झाले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. स्वातंत्र्यानंतरच्या काळात शाळा झपाट्याने वाढल्या. गारगोटीस मौनी विद्यापीठ उभे राहिले, बापूजी साळुंखे यांनी १९५४ साली स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था काढली, आणि १९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली. खेड्यातल्या मुलास मॅट्रिकपर्यंतची शाळा आता चालत जाण्याच्या अंतरावर मिळू लागली. पूर्वीच्या पिढ्यांनी ज्यासाठी घरदार सोडले ते आता दाराशी आले.

परंतु शाळा पुष्कळ झाल्या की त्यांच्यात प्रतवारी सुरू होते. एक नामांकित ठरते, दुसरी साधारण, तिसरी ‘ज्यांस कोठेच मिळाले नाही त्यांची’. हा धोका ज्यांनी लवकर ओळखला त्यांत याच जिल्ह्याचे एक सुपुत्र होते. आजरे तालुक्यातील बहिरेवाडी येथे १९०७ साली जन्मलेले जे. पी. नाईक हे मौनी विद्यापीठाच्या उभारणीत अग्रभागी होते. १९६४ साली नेमलेल्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव झाले. आयोगाने १९६६ च्या आपल्या अहवालात परिसर शाळेची कल्पना पुरस्कारिली. एका वस्तीतील सर्व मुलांनी, मग ती श्रीमंतांची असोत वा गरिबांची, आणि कोणत्याही जातीची असोत, त्या वस्तीतील एकाच शाळेत शिकावे, असा तिचा मथितार्थ. यात गरिबाचा फायदा उघड आहे. श्रीमंताच्या मुलाचाही फायदा असा की त्यास आपल्या समाजाची ओळख होते. शिवाय ज्या शाळेत गावातील वजनदार माणसांची मुले असतात, त्या शाळेचे छप्पर फार दिवस गळत राहत नाही. १९६८ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समान शाळेचे तत्त्व मान्य केले. व्यवहारात मात्र ज्यास शक्य होते तो पालक परिसरातील शाळा सोडून गेला, आणि ज्यास शक्य नव्हते तो तेथेच राहिला.

या पार्श्वभूमीवर २००९ साली बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा झाला, व १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क मिळाला. खासगी विनाअनुदानित शाळांनीही आपल्या प्रवेशाच्या वर्गात किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांस द्याव्या असे ठरले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने, विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा वगळून, ही तरतूद कायम केली. आणखी एक कलम ध्यानात ठेवण्याजोगे आहे. प्रवेश देताना मुलाची वा पालकाची चाचणी, मुलाखत किंवा निवड करण्यास या कायद्याने बंदी केली. हा नियम मोडणाऱ्या शाळेस पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत व पुढे प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

१९१७ चा कायदा व २००९ चा कायदा शेजारी शेजारी ठेवून पाहिले म्हणजे शंभर वर्षांत काय पालटले ते दिसून येते. तेव्हा दंड पालकास होता, कारण तो मुलास शाळेकडे येऊ देत नव्हता. आता दंड शाळेस आहे, कारण शाळा मुलास आत येऊ देत नाही. पालकाचे मन राज्याने जिंकले, ही मोठीच मिळकत होय. ज्या घरांतील पणजोबांस मामलेदाराच्या दंडाची धास्ती होती, त्याच घरांतील आईबाप आज उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा आणि जन्माचा दाखला घेऊन रांगेत उभे आहेत.

परंतु त्या रांगेपुढील दार पुरेसे रुंद झाले आहे काय? महाराष्ट्रात या २५ टक्के जागांसाठी पालकास संगणकावरून अर्ज करावा लागतो, दहापर्यंत शाळा निवडता येतात, घराजवळच्या शाळेस अग्रक्रम असतो, आणि जागांपेक्षा अर्ज अधिक झाल्यास सोडत काढून निर्णय होतो. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने नियमांत बदल केला. ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तिला या २५ टक्क्यांच्या बंधनातून सूट मिळाली. परिणामी गरीब पालकाच्या यादीतून बहुसंख्य खासगी शाळा एका फटक्यात नाहीशा झाल्या. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ रोजी या बदलास स्थगिती दिली आणि १९ जुलै रोजी तो रद्द ठरविला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करण्याचे नाकारले. स्थगितीची ती तारीख शाहू छत्रपतींच्या पुण्यतिथीची होती, हा योगायोगच म्हणावयाचा. यादीत दहा रकाने असणे वेगळे, आणि त्या रकान्यांत लिहिण्याजोगी दहा नावे असणे वेगळे, हे मात्र त्या वर्षी हजारो घरांस कळून चुकले.

आता क्रम लावण्याच्या प्रश्नाकडे वळावे. मनातील शाळा पहिली लिहावी की मिळण्याजोगी, याचे उत्तर पालकाच्या हुशारीवर अवलंबून नसून वाटपाच्या नियमावर अवलंबून असते. अमेरिकेतील बॉस्टन शहरात पूर्वी असा नियम होता की प्रत्येक शाळेने प्रथम, ज्यांनी तिला पहिली पसंती दिली त्यांनाच जागा द्यावयाच्या. ज्याने नामांकित शाळा पहिली लिहिली व ज्यास ती मिळाली नाही, तो दुसऱ्या पसंतीच्या शाळेकडे वळे तोवर तेथील जागा भरून गेलेल्या असत. त्यामुळे माहितगार पालक खरी आवड लपवून दुय्यम शाळा पहिली लिहीत, आणि साधेभोळे पालक खरे लिहून फसत. नियमच असा की खरेपणास शिक्षा व्हावी. २००५ साली बॉस्टनने ही पद्धत सोडली.

तिच्या जागी जी आली तिचे मूळ गेल आणि शॅप्ली या दोन गणितज्ञांच्या १९६२ सालच्या एका निबंधात आहे. या पद्धतीत पहिल्या फेरीत शाळा कोणासही कायमची जागा देत नाही, ती तात्पुरती राखून ठेवते. नाकारलेला विद्यार्थी आपल्या पुढील पसंतीच्या शाळेकडे जातो, आणि तेथे त्याचा विचार आधी आलेल्यांच्या बरोबरीनेच होतो. त्याचा अग्रक्रम वरचा असेल तर आधी राखलेला दुसरा बाजूस सरतो व तो आपल्या पुढील पसंतीकडे जातो. असे करीत सर्वांच्या जागा ठरल्या म्हणजे मगच त्या कायम होतात. यात पहिली पसंती हुकली म्हणून दुसरीचा हक्क जात नाही, म्हणून मनातील क्रम तसाच लिहिण्यात पालकाचे नुकसान नसते. या विषयातील कामाबद्दल शॅप्ली व आल्विन रॉथ यांस २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

महाराष्ट्रात अकरावीचा प्रवेश २०२५ साली प्रथमच सर्व राज्यभर अशा केंद्रीय पद्धतीने झाला. विद्यार्थ्याने एक ते दहा पसंतिक्रम द्यावयाचे आणि गुणांच्या क्रमाने त्याच्या यादीतील वरचे जे महाविद्यालय मोकळे असेल ते त्यास मिळावयाचे, अशी ही रचना. येथेही मनातील क्रम तसाच लिहावा हेच हिताचे. फक्त दोन सावधगिऱ्या हव्यात. यादीस मर्यादा असल्याने सर्वच नावे अतिनामांकित लिहिली तर एकही न लागण्याचा संभव असतो, म्हणून शेवटची दोन-तीन नावे खात्रीची असावी. आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यावर तेथे प्रवेश घेणे बंधनकारक होते, न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाद होई. यास्तव जेथे खरोखर जावयाचे नाही असे नाव केवळ प्रतिष्ठेसाठी पहिले लिहू नये.

नियम उत्तम असला तरी तो असलेल्या जागाच वाटू शकतो. नवी जागा निर्माण करणे त्याच्या हाती नाही. या संबंधात कोल्हापुरातील एक दृश्य विचार करण्यासारखे आहे. जरगनगरात महानगरपालिकेची एक मराठी शाळा आहे. खासगी नव्हे, इंग्रजी माध्यमाची नव्हे, फीची नव्हे. अलीकडच्या वर्षांत गुढीपाडव्याच्या प्रवेशासाठी तिच्या दाराशी पालकांच्या रांगा लागतात. रात्रभर रांगेत बसणे ही काही आदर्श प्रवेशपद्धती नव्हे. ज्यास रात्रपाळी आहे किंवा घरी तान्हे मूल आहे तो रांगेत मागे पडतो. परंतु पालकांचा ओढा केवळ झगमगाटाकडे असतो हा आरोप या रांगेने खोटा पाडला आहे. शिकविणे मन लावून होत असेल तर सरकारी मराठी शाळाही यादीत पहिली येते. अशी शाळा एका उपनगरात होऊ शकते, तर दहा ठिकाणी का होऊ नये, हा प्रश्न त्या रांगेतील प्रत्येक पालकाने महापालिकेस विचारण्याजोगा आहे.

कोल्हापूरच्या इतिहासाचा धडा थोडक्यात असा सांगता येईल. गोखल्यांच्या घरास निवड नव्हती, कारण साधने नव्हती. वसतिगृहांनी साधने दिली. १९१७ च्या कायद्याने शाळा गावात नेली, आणि १९१९ च्या हुकुमाने तिचे दार सर्वांस खुले केले. या प्रत्येक वेळी पालकाची निवड रुंदावली ती शाळा, जागा, मास्तर आणि राहण्याची सोय वाढल्याने. हल्ली शासन अर्ज छाननारे यंत्र सुधारण्यात जेवढा उत्साह दाखविते तेवढा दहावे नावही पहिल्यासारखेच भरवशाचे करण्यात दाखवील तर पालकांची निम्मी चिंता दूर होईल. पालकांनीही आपली यादी शेजाऱ्याची पाहून न करता आपल्या मुलाकडे पाहून करावी, नियम स्वतः वाचावे, मनातील क्रम निर्भयपणे लिहावा, आणि यादीत न आलेल्या जवळच्या शाळेची एकदा तरी जाऊन विचारपूस करावी. तेथे कोणाची ना कोणाची मुले शिकतच असतात.